घरात केळीची बाग आणि फ्रिजमध्ये किवी

प्रश्न : नमस्कार मॅडम. आम्ही यावल तालुक्यातले. केळीची बाग आहे, बांधावर दोन पेरू आणि एक लिंबू, परसात पपई. घरात सासू-सासरे, आम्ही दोघं आणि चार वर्षांचा मुलगा. तो बालवाडीत जायला लागला तेव्हापासून दर महिन्याला सर्दी-खोकला घेऊन येतो. म्हणून ह्यांनी जळगावहून किवी आणि 'इम्युनिटी'चं एक ज्यूस आणायला सुरुवात केली. महिन्याला दीड हजाराच्या वर जातात. सासूबाईंचं म्हणणं, पावसाळ्यात पोराला केळं-पेरू देऊच नको, कफ होतो. आबा (सासरे) ६८ वर्षांचे. शुगर आणि बीपी जुनं आहे, मागच्या तपासणीत क्रिएटिनिन थोडं वाढलेलं निघालं. त्यांच्या मोबाइलवर मेसेज आला की काळे ठिपके पडलेल्या केळ्यात कॅन्सरशी लढणारं 'टीएनएफ' असतं, जपानी शास्त्रज्ञांनी शोधलंय. तेव्हापासून रोज तीन-चार पिकलेली केळी खातात. आपल्याच वावरातली, म्हणून कोणी अडवत नाही. गावात डेंग्यूचे पेशंट निघाले तेव्हा घरात सगळ्यांनी पपईच्या पानांचा रस प्यायला. माझं ठीक आहे, फक्त दम लागतो. हिमोग्लोबिन ९ आलं म्हणून लोहाच्या गोळ्या दिल्यात, सकाळी चहाबरोबर घेते. तर घरातल्या सगळ्यांची प्रतिकारशक्ती वाढवायला कोणतं फळ, किती आणि कधी खावं?
— एक वाचक, यावल तालुका

उत्तर : ताई, तुम्ही विचारलंय मुलासाठी, पण मी आधी आबांचं बोलते, कारण त्यांचं थांबण्यासारखं नाही.

आबांची ती तीन-चार केळी आजपासून बंद करा आणि या आठवड्यात त्यांच्या डॉक्टरांकडून रक्तातलं पोटॅशियम तपासून घ्या. क्रिएटिनिन वाढलंय याचा अर्थ मूत्रपिंडाचं गाळण्याचं काम मंदावलंय. निरोगी माणसाच्या अंगातलं जास्तीचं पोटॅशियम लघवीवाटे निघून जातं. मूत्रपिंड थकलं की ते रक्तात साठतं, आणि फार साठलं तर हृदयाच्या ठोक्यांची लय बिघडते. बरेचदा आधी काही लक्षणही दिसत नाही. बीपीसाठी टेल्मिसार्टन किंवा रॅमिप्रिल या जातीची गोळी चालू असेल तर त्या गोळीनेही पोटॅशियम वर जातं, तेव्हा गोळ्यांची पाकिटं सोबत न्या. गोळी मात्र आपल्या मनाने बंद करू नका. केळीच्या बागेला पोटॅश किती लागतं हे यावलच्या माणसाला मी काय सांगणार! ते घडातही उतरतं. एका चांगल्या भरलेल्या केळ्यात ४०० मिलिग्रॅमच्या आसपास पोटॅशियम असतं. चार केळ्यांचे झाले १६००, तेही रोजचे.

आता तो मेसेज. टीएनएफ केळ्यात नसतं. ते आपल्याच पांढऱ्या पेशी तयार करतात, एकमेकींना 'इकडे गडबड आहे' असा निरोप देण्यासाठी. जपानी अभ्यास मात्र खरा आहे, २००९ साली प्रसिद्ध झालेला. त्यात केळ्याचा अर्क उंदरांच्या पोटात इंजेक्शनने सोडला आणि पिकत गेलेल्या केळ्याच्या अर्काने उंदरांच्या पांढऱ्या पेशी जास्त चाळवल्या, एवढंच दिसलं. केळं तोंडाने खाल्लेला माणूस त्यात एकही नव्हता. आपण खाल्लेलं आधी जठरातल्या आम्लातून जातं, इंजेक्शन तसं जात नाही. शिवाय टीएनएफ जास्त म्हणजे चांगलं, हेही खरं नाही. आमवातासारख्या संधिवातात हेच टीएनएफ सांधे पोखरतं आणि ते अडवायला महागडी इंजेक्शनं द्यावी लागतात. ठिपके पडलेलं केळं म्हणजे ज्यातला बहुतेक पिठूळ भाग साखर झालाय असं केळं. शुगरच्या माणसाने नेमकं तेच शोधून खायचं, ही त्या मेसेजची कमाल.

आबांना फळ अजिबात नको असं मी म्हणत नाही. पोटॅशियमचा आकडा ठीक निघाला तर डॉक्टर प्रमाण ठरवून देतील. तोवर सफरचंदाच्या किंवा नासपतीच्या (पेर) तीन-चार फोडी, जेवणानंतर नव्हे, मधल्या वेळी. नारळपाणी नको, मोसंबीचा ग्लासभर रसही नको. आणि कोणी प्रेमाने कमरख (स्टारफ्रूट) आणून दिलं तर त्याला हातही लावू देऊ नका. मूत्रपिंडाच्या रुग्णांना ते फळ विषारी ठरतं, मेंदूवर परिणाम होतो. त्यांची प्रतिकारशक्ती राखायची तर पहिलं काम शुगर आटोक्यात ठेवण्याचं, कारण वाढलेल्या साखरेत पांढऱ्या पेशी सुस्तावतात, जखमा चिघळतात. दुसरं काम लसीचं. फ्लूची आणि न्यूमोनियाची (न्यूमोकॉकल) लस या वयात आणि या आजारात घ्यावी, डॉक्टरांना विचारा. इथे एक अभ्यास सांगण्यासारखा आहे. बेलफास्टमध्ये ६५ ते ८५ वयाच्या ८३ जणांना दोन गटांत विभागलं. एका गटाने रोज फळं-भाज्यांचे पाच वाटे खायचे, दुसऱ्याने दोन किंवा कमी, सोळा आठवडे. मधे सगळ्यांना न्यूमोनियाची आणि धनुर्वाताची लस दिली. पाच वाटे खाणाऱ्यांच्या रक्तात न्यूमोनियाविरुद्धची प्रतिपिंडं (अँटिबॉडी) जास्त तयार झाली. धनुर्वाताच्या बाबतीत मात्र तसा ठळक फरक दिसला नाही. २०१२ मध्ये हे प्रसिद्ध झालं. मला हा अभ्यास आवडतो, कारण तो फुशारकी मारत नाही. लस घेतली, तिला चांगल्या खाण्याची साथ मिळाली आणि काही बाबतीत उपयोग झाला, एवढंच तो सांगतो. आबांसाठी ते पाच वाटे कोणते, हे मात्र पोटॅशियम पाहूनच.

आता तुमच्या मूळ प्रश्नाकडे येते. 'प्रतिकारशक्ती वाढवणं' हा शब्दप्रयोग करोनानंतर घराघरांत शिरला आणि बाटल्या विकणाऱ्यांचं भलं झालं. खरं तर ही शक्ती नुसती वाढवून चालत नाही. ती उगीच चेतली की दमा, ॲलर्जी, अंगावर पित्त, सांधेदुखी असे उद्योग करते. ती योग्य वेळी उठावी, काम करावं आणि शांत व्हावं, एवढंच आपल्याला हवं असतं. त्यासाठी लागणारा माल कमी पडला तर ती अडते. माल पुरेसा असेल तर आणखी ओतून काही होत नाही. तुमच्याच वावरातलं सांगायचं तर जमिनीत झिंक कमी असेल तेव्हा झिंक टाकल्यावर पान सुधारतं, पण पुरेसं असताना आणखी दोन गोण्या टाकल्या म्हणून घड मोठा होत नाही.

फळांतून मिळणाऱ्या मालात पहिला नंबर क जीवनसत्त्वाचा, म्हणजे व्हिटॅमिन सी. गोठ्यातली म्हैस, शेळी, दारातलं कुत्रं, हे सगळे सी आपल्या शरीरात बनवतात. माणूस, माकड आणि गिनीपिग यांना ते जमत नाही. म्हणून रोज खाण्यातून घ्यावं लागतं. जंतू शिरला की सगळ्यात आधी धावणाऱ्या ज्या पांढऱ्या पेशी (न्यूट्रोफिल), त्या रक्तातलं सी ओढून स्वतःत कितीतरी पटीने साठवतात. जंतूपर्यंत पोचायला आणि त्याला मारायला त्यांना ते लागतं, आणि मारताना जी रसायनं उधळतात त्यांतून स्वतःचा बचाव करायलाही. कातडी आणि श्वासनलिकेचं अस्तर सांधणारं कोलॅजन सीशिवाय नीट विणलं जात नाही. जुन्या काळी महिनोन्महिने समुद्रावर असलेल्या खलाशांच्या हिरड्या सुजायच्या आणि जुने व्रण उसवायचे ते यामुळेच.

पण या पेशींची साठवण लवकर भरते. अमेरिकेत १९९६ साली सात निरोगी तरुणांना कित्येक महिने रुग्णालयात ठेवून, मोजून-मापून सी दिलं गेलं. रोज १०० मिलिग्रॅमला त्यांच्या पांढऱ्या पेशी भरल्या. त्यापुढचं दिलेलं त्या घेईनात, आणि मोठ्या डोसमधलं बरंचसं लघवीतून निघून गेलं. भारतात आयसीएमआरने (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद) २०२० मध्ये ठरवलेली रोजची गरज पुरुषाला ८० आणि बाईला ६५ मिलिग्रॅम आहे. लहान मुलाला त्याहून कमी पुरतं. आता बांधावरचा पेरू बघा. १०० ग्रॅम पेरूत २०० मिलिग्रॅमच्या वर सी असतं. किवीत त्याच्या निम्म्याहूनही कमी. आवळा पेरूच्याही पुढे. केळ्यात मात्र जेमतेम ८-१०. म्हणजे बागायतदाराने हे मान्य करावं की सीच्या बाबतीत केळं मागच्या बाकावर आहे, आणि तुमच्या ह्यांनी हे मान्य करावं की न्यूझीलंडहून आलेल्या डब्याला बांधावरचं झाड सहज हरवतं.

'मग सीच्या मोठ्या गोळ्याच घ्याव्यात का?' असं आता ह्यांच्या मनात येईल. दोनदा नोबेल मिळालेले लायनस पॉलिंग १९७० पासून हेच सांगत होते की मोठ्या डोसने सर्दी टळते. नंतर ११ हजारांहून जास्त लोकांवरच्या २९ चाचण्या एकत्र करून पाहिल्या गेल्या. रोज सी घेणाऱ्या साध्या माणसांना सर्दी होण्याचं प्रमाण कमी झालं नाही. झालेली सर्दी मोठ्यांत साधारण ८ आणि मुलांत १४ टक्क्यांनी लवकर आटोपली. म्हणजे सात दिवसांची सर्दी साडेसहा दिवसांत. सर्दी झाल्यावर सुरू केलेल्या गोळीचा ठोस उपयोग दिसला नाही. ज्यांची सर्दी खरोखर निम्म्यावर आली ते होते मॅरेथॉन धावणारे, बर्फावर घसरणारे खेळाडू आणि कडाक्याच्या थंडीत कवायत करणारे सैनिक. तुमचा मुलगा यांपैकी काही करत नसावा. उलट रोज एक-एक ग्रॅमच्या गोळ्या घेणाऱ्या पुरुषांत मुतखड्याचा धोका वाढलेला आढळलाय. आपल्याकडे उन्हाळ्यात घाम किती जातो आणि पाणी किती कमी प्यायलं जातं हे पाहता, त्या वाटेला न गेलेलंच बरं.

दुसरा माल अ जीवनसत्त्वाचा. पिकलेली पपई आणि आंबा यांतल्या केशरी रंगातून तो मिळतो. नाक, घसा, फुप्फुसं, आतडी यांच्या आतल्या ओलसर अस्तराला तो लागतो, आणि जंतू आधी तिथेच येऊन चिकटतात. हा रंग स्निग्ध पदार्थाबरोबर अंगी लागतो. आखाजीला (अक्षय्य तृतीयेला) आमरसावर तूप सोडायची आपली पद्धत नुसत्या चवीची नाही. नंदुरबार-शहाद्याकडून पपईचे ट्रक दिल्लीपर्यंत जातात आणि आपल्या परसातली पपई चिमण्या खातात, असं मी अनेक घरांत पाहिलंय. तुमच्याकडे तसं होऊ देऊ नका.

तिसऱ्या मालाबद्दल फार कोणी बोलत नाही, आणि मला वाटतं फळांचं खरं मोठेपण तिथेच आहे. तो म्हणजे चोथा. आपल्या शरीरातल्या प्रतिकार करणाऱ्या पेशींचा मोठा हिस्सा आतड्यांच्या भिंतीत आणि आसपास मुक्काम करून असतो, कारण बाहेरचं जग सगळ्यात जास्त तिथूनच आत येतं. आपण फळाचा जो भाग पचवू शकत नाही तो मोठ्या आतड्यातले जिवाणू खातात आणि त्यापासून ब्युटिरेटसारखी छोटी आम्लं बनवतात. आतड्याचं अस्तर त्यावर जगतं, आणि 'कुठे थांबायचं' हे सांगणाऱ्या पेशींनाही त्यातून बळ मिळतं. जांभूळ-डाळिंबाचा जांभळा-लाल रंग आणि तुरटपणा ज्या द्रव्यांचा असतो, त्यांतलंही बरंच रक्तात न जाता याच जिवाणूंच्या हाती लागतं. तेच मोडून-तोडून नवी रसायनं तयार करतात. कोणाच्या पोटात कोणते जिवाणू आहेत त्यावर काय तयार होणार हे ठरतं, त्यामुळे एकाला लागू पडलेलं डाळिंब दुसऱ्याला तसंच लागू पडेल असं नाही.

इथे केळं परत पुढच्या बाकावर येतं, आणि तेही कच्चं. हिरव्या केळ्यातलं बरंचसं पीठ लहान आतड्यात पचत नाही, ते थेट जिवाणूंच्या पंगतीला जातं. ढाक्याच्या अतिसार संशोधन केंद्रात जुनाट जुलाब लागलेल्या तान्ह्या मुलांना भाताच्या पातळ आहारात शिजवलेलं हिरवं केळं मिसळून दिलं, तर काहीही न मिसळलेल्या आहारापेक्षा जुलाब लवकर आटोक्यात आले. २००१ सालचा तो अभ्यास आहे. त्यामुळे घरात कच्च्या केळीची भाजी होत असेल तर ती मुलाच्या ताटात वाढा. आबांच्या मात्र नको, कारण पोटॅशियम कच्च्यातही आहे.

हे कळलं की ज्यूसचं वेगळं सांगायला नको. गाळलेल्या रसातून चोथा गेला, साखर राहिली. जागतिक आरोग्य संघटना फळांच्या रसातली साखर टाळायच्या साखरेतच धरते. डब्यावरच्या दाव्यांचं म्हणाल तर जून २०२४ मध्ये अन्न सुरक्षा प्राधिकरणाने कंपन्यांना '१०० टक्के फळांचा रस' हा दावा वेष्टनांवरून काढायला सांगितलं होतं, एवढं सांगते. ती बाटली संपली की नवी आणू नका.

मुलाकडे वळते. या वयात वर्षाला सहा ते आठ सर्द्या होणं नेहमीचं आहे, आणि बालवाडीच्या पहिल्या वर्षात त्याहूनही जास्त होतात. सर्दी आणणारे विषाणू दोनशेहून अधिक आहेत आणि पोराची त्यांच्याशी पहिल्यांदाच गाठ पडतेय. सर्दी आली, आठवड्या-दहा दिवसांत गेली, मधल्या काळात पोरगं खेळतंय, वजन वाढतंय, तर त्याची प्रतिकारशक्ती शिकते आहे असं समजा. अंगणवाडीच्या तक्त्यावर वजन-उंचीची रेघ वर जाते ना, ते पाहा. वर्षात दोनदा न्यूमोनिया झाला, चार-चार वेळा कान फुटला, वजन अडकलं, अंगावर वारंवार खोल गळवं उठली, किंवा तोंडातला पांढरा चट्टा जातच नसेल, तर मात्र फळांत वेळ न घालवता बालरोगतज्ज्ञांकडे जा. यांतलं काही तुमच्या पत्रात नाही, म्हणून मला काळजी वाटत नाही. लसी वेळेवर आहेत का ते कार्डावर बघा. घरात कोणी बिडी ओढत असेल किंवा चुलीचा धूर घरभर होत असेल, तर एक पेरू वाढवण्यापेक्षा तो धूर कमी करण्याने खोकल्यावर जास्त परिणाम होईल.

सासूबाईंशी वाद घालू नका. आयुर्वेदात केळं जड आणि कफ वाढवणारं मानलंय, तेव्हा त्यांचं बोलणं हवेतलं नाही. पण सर्दी केळ्याने होत नाही, विषाणूने होते. आणि केळं-पेरू सोडून पोराला काहीच फळ मिळालं नाही तर तोटा त्याचाच. मधला मार्ग असा की थंड दुधातली शिकरण रात्री नको, केळं दुपारी द्या. पेरू धुऊन, बिया फार असतील तर गर काढून, बारीक फोडी करून द्या. पावसाळ्यात स्टँडवर चिरून ठेवलेलं कोणतंही फळ नको. यावर तुमचं आणि सासूबाईंचं एकमत होईल. चार वर्षांच्या पोराला बोर, जांभूळ, अख्खं द्राक्ष तसंच हातात देऊ नका. बी किंवा द्राक्ष घशात अडकतं. बी काढून, द्राक्ष उभं चिरून द्या.

आणि एकच फळ धरून बसू नका. आपला मुलूख फळांच्या बाबतीत गरीब नाही. पावसाच्या तोंडावर जांभळं, दिवाळीच्या आसपास सातपुड्यातली सिताफळं, मग आवळा, पेरू, थंडीत मेहरूणची बोरं (त्यांतही केळ्यापेक्षा कितीतरी जास्त सी असतं), पाचोरा-भडगावकडची मोसंबी, उन्हाळ्यात कैरी आणि आंबा. कैरीत पिकल्या आंब्यापेक्षा सी जास्त असतं. पन्ह्यासाठी उकडली की त्यातलं थोडं जातं, पण मिठाबरोबर कच्च्या फोडी खाल्ल्या तर सगळं मिळतं. ज्या हंगामात जे स्वस्त, ते त्या हंगामात खावं. प्रमाण म्हणाल तर राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०२४ च्या मार्गदर्शनात मोठ्या माणसाला दिवसाला १०० ग्रॅम फळ आणि ४०० ग्रॅम भाज्या सांगितल्यात. नीट पाहा, भाजी फळाच्या चौपट आहे.

पपईच्या पानांच्या रसाबद्दल थोडक्यात. डेंग्यू झालेल्या रुग्णांवरच्या काही छोट्या चाचण्यांत प्लेटलेट जरा लवकर वाढल्याचं दिसलंय, पण त्यामुळे माणूस दगावण्याचं टळतं हे सिद्ध झालेलं नाही. आणि निरोगी माणसाने तो प्यायला म्हणून डेंग्यू होत नाही, याला तर काहीच आधार नाही. डेंग्यूत घात होतो तो बहुधा ताप उतरताना, तिसऱ्या ते सातव्या दिवसात, जेव्हा घरच्यांना वाटतं की बरं वाटतंय. पोटात जोरात दुखणं, सारख्या उलट्या, हिरड्यांतून किंवा नाकातून रक्त, गळून जाणं, यांपैकी काहीही दिसलं तर रस वाटत बसू नका, दवाखाना गाठा. तापाला फक्त पॅरासिटामॉल. ब्रुफेन, ॲस्पिरिन नाही. आणि डास होतात ते साठवलेल्या पाण्यात, टाकी-रांजण आठवड्यातून एकदा कोरडे करा.

आता तुमचं. 'माझं ठीक आहे' असं लिहून पुढच्याच ओळीत हिमोग्लोबिन ९ लिहिलंत. ठीक नाही ताई. बाईला १२ हवं. ९ म्हणजे मध्यम दर्जाचा रक्तक्षय, आणि दम लागतो तो त्याचाच. देशात १५ ते ४९ वयाच्या ५७ टक्के बायकांना रक्तक्षय आहे असं २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत आलं. इतक्या जणींना आहे म्हणून तो आपल्याला आजार वाटेनासा झालाय. लोह फक्त रक्ताच्या लालीसाठी नसतं. जंतू आल्यावर ज्या पांढऱ्या पेशी भराभर वाढायला हव्यात, त्यांनाही लोह लागतं. घरातल्या प्रत्येकाच्या प्रतिकारशक्तीची चौकशी तुम्ही केलीत, आणि तुमच्या घरात फळाचा सगळ्यात सरळ, ताटात दिसणारा फायदा ज्या व्यक्तीला होऊ शकतो, ती तुम्ही आहात.

कसा, ते सांगते. बाजरीच्या भाकरीत, कळण्याच्या भाकरीत, उडदाच्या डाळीत, मेथीत लोह आहे, पण ते अशा रूपात असतं की आतडं त्यातलं थोडंच उचलतं. त्याच घासात क जीवनसत्त्व असलं तर लोहाचं रूप बदलतं आणि ते जास्त उचललं जातं. म्हणून डाळ ताटात वाढल्यावर, गॅसवर असताना नव्हे, अर्धं लिंबू पिळा. किंवा जेवणाबरोबरच पेरूच्या फोडी, आवळ्याचे काप, कैरीची कोशिंबीर. जेवणानंतर दोन तासांनी खाल्लेला पेरूही चांगलाच, पण भाकरीतल्या लोहाला त्याची मदत होत नाही. चहा मात्र उलटं करतो. त्यातली तुरट द्रव्यं लोहाला धरून ठेवतात, आणि तुम्ही तर गोळीच चहाबरोबर घेताय. म्हणजे गोळीतलं बरंचसं लोह कपातल्या चहानेच अडवलं असणार.

गोळी रिकाम्या पोटी किंवा जेवणानंतर दोन तासांनी, साध्या पाण्याबरोबर घ्या. चहा तिच्या आधी-नंतर किमान तासभर नको, दूध आणि कॅल्शियमची गोळीही त्याच वेळी नको. पोटात मळमळलं तर थोडं खाऊन घ्या, किंवा दिवसाआड चालेल का ते डॉक्टरांना विचारा, पण बंद करू नका. शौचाला काळं होईल, त्याने घाबरू नका. लोहाच्या गोळीबरोबर वेगळी सीची गोळी मेडिकलवाला देईल, ती घेतली नाही तरी चालेल. शांघायमध्ये ४४० रुग्णांवर हे तपासलं, नुसत्या लोहाच्या गोळीने तेवढाच फरक पडला. लिंबाचं काम अन्नातल्या लोहासाठी आहे.

किवी-ज्यूसचे जे दीड हजार वाचतील, त्यांतून आबांची पोटॅशियमची तपासणी करा आणि तुमची हिमोग्लोबिनची पुन्हा करा, गोळी नीट घ्यायला लागल्यापासून एक महिन्याने. आकडा चढायला लागलेला दिसला पाहिजे. चढल्यावरही गोळ्या पुढचे दोन-तीन महिने चालू ठेवाव्या लागतात, कारण अंगातला साठा भरायचा असतो. महिन्याने काहीच हाललं नाही तर पाळीत रक्त जास्त जातं का, जंत आहेत का, पोटातून रक्त जातंय का, हे शोधावं लागेल. पाळीचं सांगायला लाजू नका, किती दिवस आणि दिवसाला किती पॅड लागतात ते लिहून न्या. आणि पूर्वीचा रिपोर्ट असेल तर तोही सोबत न्या, दोन्ही आकडे शेजारी ठेवून डॉक्टरांना बघू द्या.